पेनेलोपी वाचायची कशी: पहिल्या वाचनात तिला रडूबाई ठरवून मोकळे झालेल्यांसाठी

होमर या जुन्या ग्रीक कवीचं ओडिसी हे महाकाव्य मी पहिल्यांदा वाचायला घेतलं तेव्हा एकडोळ्या राक्षसापर्यंत मजेत गेलो, मग सायरन, मग ती सहा डोक्यांची स्किला, आणि पेनेलोपीचा नवरा ओडिसियस एकदाचा घरी पोचला की पुढचे बाराएक सर्ग नुसती पानं उलटत संपवले कारण तिथे समुद्र नाही, राक्षस नाहीत, सगळं आपलं घरातलंच. पेनेलोपीबद्दल डोक्यात काय राहिलं तर माडीवर बसून रडणारी, दिवसा विणणारी, रात्री उसवणारी, नवऱ्याची वीस वर्षं वाट बघणारी बाई. म्हटलं ठीक आहे, आपल्याकडे अशा पुष्कळ आहेत, सीता आहे, सावित्री आहे, ग्रीकांची ही.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या चार जणांच्या वाचन ग्रुपवर परत घेतली तेव्हा एकीने मेसेज टाकला की अरे ही बाई अख्ख्या पुस्तकात एकदाही कुणाला सरळ उत्तर देत नाहीये, बघितलंस का? नव्हतं बघितलं. मग परत बसलो. तेव्हापासून जे जमलं ते इथे लिहितोय. एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात असू द्या: ती पतिव्रता आहे असं धरून वाचलंत तर ती फक्त रडताना दिसेल, ती हुशार आहे असं धरून वाचलंत तर निष्ठा तर दिसेलच, वर बरंच काही दिसेल.

गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. ओडिसियस इथाका बेटाचा राजा, ट्रॉयच्या लढाईत १० वर्षं, परतीच्या वाटेवर आणखी १०, त्यातली ७ कॅलिप्सो नावाच्या देवतेच्या बेटावर. घरी बायको पेनेलोपी, बाप गेला तेव्हा तान्हा असलेला आणि आता मिसरूड फुटलेला मुलगा टेलेमाकस, आणि शेतावर एकटा राहणारा म्हातारा सासरा लाएर्टिस. नवरा मेलाच असणार असं म्हणून १०८ लग्नाळू घरात येऊन बसलेत (टेलेमाकस सोळाव्या सर्गात बापाला मोजून दाखवतो: दुलिखियमचे ५२, सामेचे २४, झाकिंथसचे २०, इथाकाचे १२), तिसरं वर्ष सरून चौथं लागायला आलंय, आणि ते रोज तिच्याच घरची डुकरं कापून तिच्याच घरची दारू पितायत. ओडिसियस भिकाऱ्याच्या वेशात परत येतो, धनुष्याची स्पर्धा होते, सगळे मारले जातात, नवरा-बायको भेटतात. झालं.

आता पुस्तक कुठलं घ्यायचं. ग्रीक येत नसेल तर इंग्रजीतच वाचावं लागतं बहुतेकांना. फुकट हवं असेल तर सॅम्युएल बटलरचं १९०० सालचं गद्य भाषांतर सगळीकडे मिळतं, वाचायला सोपं आहे, फक्त त्याने नावं रोमन वापरलीयत, ओडिसियसचा युलिसिस आणि अथीना देवीची मिनर्व्हा, गोंधळू नका. ओळींचे नंबर हवे असतील तर १९१९ चं मरेचं, भाषा जुनाट आहे पण मूळ ग्रीक शेजारी असतं. नवीन हवं असेल तर एमिली विल्सनचं २०१७ चं, बाईने केलेलं छापून आलेलं पहिलं पूर्ण इंग्रजी भाषांतर, आणि ते मुद्दाम साध्या भाषेत केलंय.

दुकानात किंवा सॅम्पल पानांत भाषांतर तपासायची माझी एक युक्ती आहे. एकविसावा सर्ग उघडा, अगदी सुरुवात, सहावी ओळ. पेनेलोपी कोठारातून नवऱ्याचं धनुष्य आणायला निघते आणि काशाची, हस्तिदंती मुठीची वाकडी किल्ली हातात घेते. होमर तिथे हाताला जे विशेषण लावतो त्याचा सरळ अर्थ जाड, भरदार. हेच शब्द तो लढवय्यांच्या हाताला वापरतो. राणीचा हात जाड कसा म्हणून काही भाषांतरकार अवघडले आणि ते विशेषण मऊ करून टाकलं किंवा खाऊनच टाकलं. विल्सनने ठेवलंय. वीस वर्षं माग चालवणाऱ्या बाईचा हात कसा असेल, विचार करा ना! एवढी एक ओळ बघितली की भाषांतरकाराने पेनेलोपीला काय समजलंय ते कळतं, मग घ्यायचं की नाही ते ठरवा.

आता क्रम. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं असेल तर उत्तम, पण तिच्यासाठी दुसऱ्यांदा वाचताय तर मी सांगतो तेवढेच तुकडे सलग वाचा, दोन संध्याकाळी पुरतात (आधी सर्ग, मग ओळी): १ मध्ये ३२८ ते ३६४, २ मध्ये ८५ ते १२८, ४ चा शेवट ६७५ पासून, १६ मध्ये ४०९ ते ४५१, १८ मध्ये १५८ ते ३०३, १९ पूर्ण, २० मध्ये ५७ ते ९०, २१ च्या पहिल्या ७९ ओळी आणि परत ३११ ते ३५८, २३ पूर्ण, आणि २४ मध्ये १२० ते २०२. मधले राक्षस गाळा. राक्षस कुठे पळून जात नाहीत.

वाचताना शेजारी एक कागद ठेवा आणि प्रत्येक प्रसंगात कुणाला काय माहितीये ते लिहीत जा. फालतू वाटेल पण हाच सगळ्यात कामाचा सल्ला आहे. आपल्याला पहिल्या पानापासून माहिती असतं की नवरा जिवंत आहे, आणि त्यामुळे आपल्याला तिचं रडणं रटाळ वाटतं, अगं येतोय तो, थांब जरा. पण तिला काहीच माहिती नसतं. मुलगा गुपचूप बोटीत बसून बापाची चौकशी करायला गेला हेसुद्धा तिला मेडॉन नावाचा सेवक चौथ्या सर्गात सांगतो, सगळ्यांना कळून झाल्यावर. बाप परत आलाय हे टेलेमाकसला सोळाव्यात कळतं, म्हाताऱ्या दाईला एकोणिसाव्यात, गुराख्यांना एकविसाव्यात, कुत्र्याला सतराव्यात कळतं हो, कुत्र्याला! आणि बायकोला तेविसाव्यात. घरातल्या घरात सगळ्यात शेवटी. तिच्यापेक्षा उशिरा कळतं ते शेतावरच्या सासऱ्याला.

हे लिहीत गेलात की तिचं विशेषणही नीट कळायला लागतं. होमर तिला पन्नासेक वेळा पेरिफ्रॉन म्हणतो, म्हणजे चारी बाजूंनी विचार करणारी, सावध डोक्याची. पतिव्रता असा काही शिक्का नाही. ती सगळ्या बाजूंनी विचार करते कारण तिच्याकडे माहितीच नाही, ज्याला ठाऊक असतं त्याला विचार करावा लागत नाही.

पहिला प्रसंग पहिल्या सर्गातला. खाली दिवाणखान्यात फेमियस गायक ट्रॉयहून परतणाऱ्यांचे हाल गातोय, ती दोन दासी घेऊन खाली येते, तोंडावर पदर धरून उभी राहते आणि म्हणते दुसरं गाणं गा, हे नको. पोरगा सगळ्यांसमोर सांगतो की आत जा, तुझा माग आणि चाती बघ, बोलायचं काम पुरुषांचं, या घरात सत्ता माझी. ती चकित होते, वर जाते आणि रडते. इथे बरेच वाचक तिला सोडतात. सोडू नका, कारण एकविसाव्या सर्गात हाच पोरगा जवळजवळ हेच शब्द परत बोलतो, फक्त तेव्हा ‘बोलायचं’च्या जागी ‘धनुष्याचं’ काम पुरुषांचं म्हणतो. दोन्ही जागा समोरासमोर ठेवून वाचा. दुसऱ्या वेळेला ती जायच्या आधी तिला जे करायचं होतं ते करून झालेलं असतं: भिकाऱ्यालाही धनुष्य ओढायला द्या, असं ती भर सभेत लग्नाळूंशी वाद घालून म्हणून गेलेली असते.

मग ते विणणं. ही गोष्ट पुस्तकात तीनदा येते आणि तिन्ही वेळा सांगणारा वेगळा: दुसऱ्या सर्गात अँटिनोअस, म्हणजे लग्नाळूंतला सगळ्यात माजलेला, भर सभेत तक्रार म्हणून सांगतो, एकोणिसाव्यात ती स्वतः भिकाऱ्याला सांगते, चोविसाव्यात मेलेल्या लग्नाळूचं भूत पाताळात सांगतं. सासऱ्यासाठी कफन विणतेय, एवढा इस्टेटवाला माणूस आणि अंगावर घालायला कापड नाही म्हणून गावातल्या बायका नावं ठेवतील, तेवढं होऊ द्या मग लग्न करते. ‘बायका नावं ठेवतील’! या कारणाला कुणाकडे उत्तर असतं? १०८ जण गप्प. तीन वर्षं दिवसा विणलं, रात्री मशाली लावून उसवलं, चौथ्या वर्षी एका दासीने फोडलं आणि रंगेहाथ पकडली गेली, मग पूर्ण करावं लागलं.

तिन्ही शेजारी ठेवून बघा की कोण काय वाढवतंय. अँटिनोअस शिव्या घालता घालता म्हणतो की जुन्या काळातल्या टायरो, अल्कमीनी, मायकीनी या नावाजलेल्या बायकांपैकी कुणालाही हिच्याइतकं डोकं नव्हतं. तक्रार करायला उभा राहिला आणि सर्टिफिकेट देऊन बसला. ती स्वतः सांगते तेव्हा कौतुक शून्य, आता मला दुसरी युक्ती सुचत नाहीये एवढंच. आणि भूत तर म्हणतं की कापड धुऊन झालं, सूर्यासारखं चंद्रासारखं चमकत होतं आणि तेवढ्यात ओडिसियस आला, शिवाय धनुष्याची स्पर्धा त्यानेच बायकोला लावायला सांगितली होती. म्हणजे नवरा-बायकोचं संगनमत. आपण पुस्तकात तसं काही होताना बघितलेलं नसतं. मेलेला माणूस पण आपल्याला एका बाईने फसवलं हे कबूल करायला तयार नाही, त्याला त्यात नवरा घालावा लागतो. हे माझं मत, तुम्ही वाचून बघा.

हातमागाबद्दल काही माहिती नसेल तर एक प्रयोग सुचवतो. बुटाच्या खोक्याचं पुठ्ठ्याचं झाकण घ्या, दोन बाजूंना कात्रीने खाचा पाडा, सुतळी ताणून ताणा लावा आणि लोकरीचा बाणा वरखाली घालत विणायला बसा. मला एक वीतभर पट्टी विणायला दीड तास लागला आणि पाठ धरली ती वेगळीच, उसवायला पंधरा मिनिटं पण नाही लागली, टोक धरायचं आणि सरसर ओढायचं. पण उसवलेली लोकर कुरळी होऊन बसली, दुसऱ्यांदा तीच घातली तर पट्टी लगेच वेगळी दिसायला लागली. तेव्हा डोक्यात आलं की दासींना पहिल्या महिन्यातच कळलं असणार, सूत बघून. कळूनही एवढी वर्षं तोंड मिटून बसल्या त्या कोण होत्या याबद्दल कवी बोलत नाही, ज्या एकीने तोंड उघडलं तिचीच तेवढी गोष्ट झाली.

तिचा माग आपल्या पैठणीवाल्यांसारखा खड्ड्यात पाय सोडून बसायचा नाही हेही लक्षात ठेवा. ग्रीकांचा माग भिंतीला टेकवलेला उभा, ताण्याच्या धाग्यांना खाली मातीची वजनं बांधलेली, कापड वरून खाली विणत यायचं, आणि बाई उभी राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. डोळ्यासमोर यायला हवं असेल तर इटलीत किउसीच्या म्युझियममध्ये एक प्याला आहे, इसवीसनपूर्व ४४० च्या सुमाराचा, त्याचा फोटो शोधा. ती खाली मान घालून, पायावर पाय टाकून, हाताला गाल टेकवून बसलीये, समोर पोरगा भाले घेऊन उभा आणि मागे एवढा मोठा माग, वजनं लोंबतायत, कापडाच्या काठावर पंखवाले प्राणी विणलेत. मला तो फोटो बघितल्यावर कळलं की ती ज्याला लपवत होती ती वस्तू खोलीएवढी होती.

अठरावा सर्ग वाचताना पुष्कळांना कसंतरी होतं. ती अचानक लग्नाळूंसमोर येते (अथीना तिला झोपेत आणखी सुंदर करते), त्यांचे गुडघे लटपटतात, आणि ती म्हणते की नवरा जाताना सांगून गेला होता, पोराला दाढी आली की दुसरं लग्न कर, आता तेही होणारच, पण मागणी घालणारे लोक आपल्या घरून भेटी आणतात, मुलीच्या घरचं खात नाहीत. झालं, सगळे नोकरांना पळवतात. अँटिनोअसकडून बारा सोन्याच्या टाचण्या लावलेलं नक्षीचं वस्त्र, युरिमाकसकडून अंबर ओवलेला सोन्याचा हार, आणखी एकाकडून तीन-तीन लोलकांचे डूल. भिकारी झालेला ओडिसियस कोपऱ्यात बसून हे बघतो आणि चक्क खूश होतो, कारण ती गोड बोलून माल काढून घेतेय आणि मनात दुसरंच आहे. तीन वर्षं जे खाऊन बसले त्यांच्याकडून थोडी वसुली, दुसरं काय. नवऱ्याला संशय येत नाही, उलट आपल्याच तालमीतला पैलवान बघितल्यासारखा आनंद होतो, आणि तिला मात्र माहितीच नाही की तो बघतोय.

आता एकोणिसावा. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि हा वाचा, आणि दोनदा वाचा. रात्र झालीये, शेकोटीजवळ ती आणि भिकारी समोरासमोर बसलेत, नवरा-बायको वीस वर्षांनी एका खोलीत आहेत आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक आहे. किंवा दोघांनाही. फिलिप हार्श नावाच्या अभ्यासकाने १९५० मध्ये मांडलं की तिने त्याला इथेच ओळखलेलं असतं किंवा निदान दाट संशय आलेला असतो, आणि तेव्हापासून यावर भांडणं चालू आहेत. म्हणून सांगतो, पहिल्या वाचनात ओळखलं नाही असं धरा, दुसऱ्यात ओळखलंय असं धरा, आणि कुठे कुठे अर्थ फिरतो तिथे पेन्सिलने खूण करा.

माझ्या पुस्तकात खुणा कुठे आहेत ते सांगतो. तो म्हणतो मी क्रीटचा, ओडिसियस माझ्याकडे पाहुणा होता. ती ढसाढसा रडते, डोंगरावरचं बर्फ वितळून नद्या भराव्यात तशी, असं कवी म्हणतो, आणि रडून झाल्यावर पहिलं वाक्य काय तर आता परीक्षा घेते, सांग त्याच्या अंगावर काय होतं? रडणं खरं आणि तपासणी पण खरी, एकाच श्वासात. तो जांभळा अंगरखा सांगतो आणि सोन्याची पिन, जिच्यावर कुत्र्याने पुढच्या पायांत पाडस धरलंय. ती पिन तिनेच लावून दिलेली.

मग ती म्हाताऱ्या दाईला त्याचे पाय धुवायला सांगते. मूळ ग्रीकमध्ये शब्दांचा क्रम असा आहे की आपल्या मराठीत तो जसाच्या तसा बसतो, इंग्रजीत बसता बसत नाही: ऊठ युरिक्लेआ, धू तुझ्या मालकाच्या... वयाच्या या माणसाचे पाय. ‘मालकाच्या’ला क्षणभर श्वास अडकतो, मग ‘वयाच्या’ येतो. मोठ्याने म्हणून बघा. कवी मस्करी करतोय की ती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर ती स्वप्न सांगते. अंगणात तिची वीस हंस-बदकं दाणे खातात, तिला बघायला आवडतं, गरुड येऊन सगळ्यांच्या माना मोडतो, ती हमसून रडते, गरुड परत येऊन माणसाच्या आवाजात म्हणतो की मी तुझा नवरा, बदकं म्हणजे ते लग्नाळू. भिकारी म्हणतो अर्थ स्पष्टच आहे की. ती म्हणते स्वप्नांची दोन दारं असतात, एक शिंगाचं, त्यातून आलेली खरी होतात, एक हस्तिदंताचं, त्यातली फसवतात, माझं कुठल्या दारातून आलं काय माहीत. आता यात अवघड जागा अशी की ती बदकांसाठी रडते. तिला ती आवडत होती. यावर नाकं मुरडणारेही आहेत आणि तिच्या मनात काय होतं ते यातच सापडतं म्हणणारेही. मला विचाराल तर तीन वर्षं घरात गजबज होती, कुणीतरी बघत होतं, हवंहवंसं म्हणत होतं, माणूस आहे ती. याने तिची निष्ठा कमी होत नाही. आणि एवढं बोलून लगेच ती जाहीर करते की उद्या धनुष्याची स्पर्धा, बारा कुऱ्हाडींतून बाण काढेल त्याच्याशी लग्न. आजच का? वीस वर्षं थांबली आणि नवरा जवळ आलाय अशी बातमी मिळाल्याच्या रात्रीच का? पेन्सिल.

आपल्याकडे दमयंती आठवते इथे. नळ सोडून गेल्यावर तिने खोटं दुसरं स्वयंवर जाहीर केलं, बाहुक नावाच्या सारथ्यावर दासी पाळतीला ठेवली, त्याने शिजवलेलं मागवून चव घेऊन बघितली. पेनेलोपीला समजून घ्यायला मला सीतेपेक्षा ही जास्त उपयोगी पडली, कारण सीतेच्या गोष्टीत परीक्षा बायकोची होते आणि या दोघी परीक्षा घेतात.

बाविसावा सर्ग मारामारीचा, ती त्यात झोपलेली असते, पण शेवट वगळू नका. बारा दासींना, ज्या लग्नाळूंबरोबर झोपल्या त्यांना, आधी प्रेतं उचलायला आणि रक्त पुसायला लावतात आणि मग टेलेमाकस त्यांना एका दोरीला ओळीने फाशी देतो, जाळ्यात अडकलेल्या पारव्यांसारखी. गुलाम मुली होत्या त्या, नाही म्हणायची सोय होती का हा प्रश्नच कुणी विचारत नाही. मालक ७ वर्षं कॅलिप्सोकडे आणि १ वर्ष सर्सी नावाच्या जादूगारणीकडे राहून आलाय. एकनिष्ठ बायकोची थोर गोष्ट म्हणून कुणाला सांगणार असाल तर हे पान दाबून सांगू नका.

तेविसावा. दाई धावत वर येते, उठ, तो आलाय, सगळ्यांना मारलं. ती चिडते, किती छान झोप लागली होती, तो गेल्यापासून अशी लागली नव्हती, तो त्या दळभद्री-इलियनला, म्हणजे ट्रॉयला, गेल्यापासून, जिचं नावही घेऊ नये. ग्रीकमध्ये ती गावाचं नावच मोडून एक शब्द करते, कॅकोइलिऑन. आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, ही नवऱ्याला गिळलेल्या गावाचं घेत नाही.

खाली येते आणि त्याच्यासमोर भिंतीशी बसते. गप्प. पोरगा ओरडतो, किती दगडाच्या काळजाची आहेस! ती म्हणते तो खरंच तो असेल तर आमच्या दोघांच्या खुणा आहेत, बाहेरच्यांना माहीत नसलेल्या. तो अंघोळ करून, राजासारखा होऊन येतो, तरी नाही. शेवटी तो वैतागून म्हणतो मला वेगळं अंथरूण घाला. आणि ती अगदी सहज दाईला सांगते, हो, घाल ना, त्याने स्वतः बनवलेला पलंग खोलीबाहेर काढ आणि त्यावर घाल.

इथे थांबा, पुढचं हळू वाचा. तो भडकतो: माझा पलंग कुणी हलवला? आणि मग कसा बनवला ते सुताराच्या तपशिलाने सांगत सुटतो, अंगणात खांबाएवढं जाड ऑलिव्हचं झाड होतं, त्याच्याभोवती दगडाची खोली बांधली, छत घातलं, वरच्या फांद्या तोडल्या, खोड मुळापासून तासलं, तोच एक खूर केला, गिरमिटाने भोकं पाडली, सोनं, चांदी, हस्तिदंत जडवलं, आणि आपल्याकडे नवार ताणतात तशी लाल रंगवलेली बैलाच्या कातड्याची पट्टी ताणली. जमिनीत मूळ असलेला पलंग, हलणार कसा? अख्ख्या जगाला थापा मारून आलेला माणूस, राक्षसाला ‘माझं नाव कुणीच-नाही’ म्हणून फसवलेला, तो बायकोच्या एका साध्या वाक्याला फसतो आणि खरं बोलून जातो. तिचे गुडघे ढिले पडतात, धावत जाते, गळ्यात पडते.

आणि लगेच एक उपमा येते, २३३ वी ओळ. बोट फुटलेले लोक पोहत, अंगावर मीठ साचलेलं, कसेबसे जमिनीला पाय लावतात, तेव्हा जमीन जशी हवीशी वाटते तसं... वाचताना आपण धरूनच चालतो की हे त्याच्याबद्दल आहे, बोटी त्याच्याच फुटल्या ना. वाक्य संपतं तेव्हा कळतं की हे तिचं आहे. नवरा तिला तसा वाटला. घराबाहेर पाऊल न टाकलेल्या बाईला कवीने बुडून वर आलेल्याची उपमा दिलीये. पहिल्या वाचनात मला हे दिसलंच नव्हतं, इतकी पानं उलटली होती मी.

पुढेमागे कुणी तुम्हाला सांगेल की पेनेलोपी कसली एकनिष्ठ, तिला तर हर्मीस देवापासून पॅन देव झाला किंवा अँटिनोअसनेच तिला नादी लावलं. भांडू नका, अशा कथा जुन्याच आहेत, होमरच्या बाहेरच्या. पॉसेनियस नावाच्या जुन्या ग्रीक प्रवाशाने लिहिलंय की मँटिनिया गावचे लोक तिची कबर दाखवत आणि म्हणत की नवऱ्याने बदचालीसाठी हाकलली म्हणून ती इथे येऊन मेली. त्याच पॉसेनियसने स्पार्टाजवळची एक मूर्ती सांगितलीये: लग्नानंतर बाप इकारियस रथामागे विनवण्या करत आला, पोरी जाऊ नकोस, ओडिसियस म्हणाला स्वखुशीने ये नाहीतर बापाबरोबर परत जा, ती काहीच बोलली नाही, तोंडावर पदर घेतला. बापाला कळलं, त्याने तिथे लज्जेची मूर्ती उभारली. सरळ उत्तर न द्यायची सवय माहेरापासूनची असणार.

शेवटचं. जुन्या अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी, अरिस्टार्कस आणि बायझँटियमचा अरिस्टोफेनिस, म्हटलंय की ओडिसीचा शेवट २३ व्या सर्गाच्या २९६ व्या ओळीला, दोघं त्या पलंगावर जातात तिथे. तुम्ही तिथे थांबू नका, ३४३ पर्यंत जा. तो तिला रात्रभर सगळी हकिकत सांगतो आणि ती शेवटपर्यंत डोळे मिटत नाही. कवी यादी देतो: किकोनियन, कमळं खाणारे, एकडोळ्या, वाऱ्यांचा राजा, सर्सीची कपटं, पाताळ, सायरन, स्किला, सूर्याच्या गायी, कॅलिप्सोने नवरा करायला कसं धरून ठेवलं, मग फियाशियन लोकांनी किती मान दिला. त्या फियाशियन लोकांची एक राजकन्या होती, नॉसिका, नदीवर कपडे धुवायला आलेली, जिला याने झाडाच्या फांदीने अब्रू झाकून ताडाच्या कोंबाची उपमा दिली होती. बोट ठेवून यादी वाचा. तिचं नाव त्यात नाही. आणि ऐकताना पेनेलोपी काय म्हणाली, ते कवीने लिहिलेलं नाही.